अथेन्सहून एजिना बेटावरचं अफायाचं देऊळ: एक दिवस घालवावा का?

पायवाट
नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर ग्रीसला जायचं जवळजवळ नक्की झालंय. मी, बायको, आठवीतली लेक आणि सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात पण बाई थांबत नाहीत). अथेन्समध्ये अॅक्रोपोलिस, म्युझियम, अगोरा वगैरे धरूनही एक अख्खा दिवस मोकळा राहतोय. बायकोला बेट हवंय, मला देऊळ हवंय, लेकीला दोन्ही नकोय. म्हणून एजिना बेटावरचं अफायाचं देऊळ शोधून काढलं. बोटीने सव्वा तास, वर बसने अर्धा तास, असं दिसतंय.

प्रश्न असा: पार्थेनॉन पाहिल्यावर हे बघण्यात काही राम आहे का, की 'अजून एक पडकं देऊळ' होईल? त्यापेक्षा सूनियनला (तिथे समुद्राकाठी पोसायडनचं देऊळ आहे) जाऊन सूर्यास्त बघावा का? जाऊन आलेल्यांनी खरं काय ते सांगा. नुसतं 'अप्रतिम' नको, ते सगळीकडे लिहिलेलं आहे.

तिरकस_तारा
अप्रतिम.

उकडीचा
@तिरकस_तारा :हहपुवा:

पायवाट, आम्ही गेलो होतो. देवळापेक्षा पिस्ते लक्षात राहिले, हे प्रांजळपणे सांगतो. सविस्तर रात्री लिहितो.

दर्यावर्दी
नोकरीच्या काळात पिरियसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराला, बरेचदा जहाज लागायचं, तेव्हा मोकळ्या दिवशी एजिना हे माझं ठरलेलं ठिकाण. कामाचं तेवढं सांगतो.

पिरियसला मेट्रोने या. सारोनिक आखातातल्या बेटांच्या बोटी ई-८ गेटवरून सुटतात. दोन प्रकार आहेत: मोठी फेरी, जी गाड्याबिड्या घेऊन सावकाश जाते, आणि छोटी वेगवान बोट, जी पाऊण तासात पोचवते. सासूबाई सोबत आहेत तर मोठी फेरीच घ्या. डेकवर मोकळं बसता येतं, चहा-कॉफी मिळते, आणि वारा सुटला तर आधी त्या छोट्या बोटीच रद्द होतात. एजिना गावात उतरलं की धक्क्याजवळच बसचा थांबा आहे. 'आया मरिना'ची बस पकडा, ती देवळापाशी थांबते. परतीच्या बसची वेळ उतरायच्या आधी ड्रायव्हरला विचारून घ्या. बस चुकली तर वर झाडांखेरीज फार काही नाही.

देवळाला पोचल्यावर चढ जवळपास नाहीच, बस माथ्यावरच सोडते. सूनियनपेक्षा गुडघ्यांना हे सोपं जाईल.

निळीछत्री
माझं मत विरुद्ध आहे. बेटावरचं प्राचीन ग्रीक काही बघायचंच असेल तर डेलोस. अपोलोचं जन्मस्थान, अख्खं बेट म्हणजे अवशेष. एके काळी तिथे कुणाला जन्मायला किंवा मरायला बंदी होती, गरोदर बायकांना आणि अखेरच्या घटका मोजणाऱ्यांना शेजारच्या बेटावर हलवायचे. सिंहांची रांग, नाट्यगृह, मोझॅइकची घरं. तिथल्या मानाने एजिना म्हणजे एक देऊळ आणि पाइनची झाडं.

दर्यावर्दी
@निळीछत्री, डेलोस थोर आहे, वाद नाही. पण त्यासाठी आधी मायकोनोसला जावं लागतं. अथेन्सहून एका दिवसात सासूबाईंना घेऊन मायकोनोस-डेलोस-मायकोनोस-अथेन्स? जावयाने घरी परत यायचंय ना? शिवाय डेलोसवर सावली म्हणून नाही.

तिरकस_तारा
जावयाला बाय डिफॉल्ट मरायला बंदी असलेलं बेट सोयीचंच पडेल.

माजघर
तिरकस, तुझं लग्न होऊ दे रे एकदा, मग बोलू.

पायवाट, मी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिथे जाऊन आले आहे, त्यामुळे तुमच्या सासूबाईंच्या वतीने बोलते. आवारात मातीची नि खडीची पायवाट आहे (हो, तुमच्यासारखीच), मधेमधे कातळ वर आलेला. चपला नको, बूट घालायला सांगा. देवळाभोवती दोर लावलेला आहे, आत चढू देत नाहीत. आधी मला त्याचा राग आला, इतक्या लांब येऊन लांबूनच बघायचं! पण मग एका पाइनखाली दगडावर बसले, तिथून दोन्हीकडे समुद्र दिसत होता. रातकिडे म्हणावेत तसे ते सिकाडा दिवसाढवळ्या कान किटवत होते. आमचे 'हे' चारही बाजूंनी फोटो काढून आले तरी मी तिथेच. मला विचाराल तर त्या जागेवर बसायलाच जायचं असतं.

सकाळी पहिल्या बोटीने जा. पर्यटकांच्या मोठ्या बस नंतर येतात.

गिलावा
मी स्थापत्य अभियंता, म्हणून माझा चष्मा वेगळा. 'पार्थेनॉन पाहिल्यावर हे कशाला?' या प्रश्नाचं माझं उत्तर: पार्थेनॉन पाहिलं असेल तर हे बघायलाच हवं, कारण इथे कसं बांधलंय ते डोळ्यांना दिसतं.

पार्थेनॉन संगमरवराचं आहे. हे त्याच्या अर्धशतक आधीचं, इसपू ५०० च्या आसपासचं, आणि स्थानिक चुनखडीचं. बाहेरचे खांब समोर ६ आणि बाजूला १२, मिळून ३२. त्यातले तीन चतुर्थांशाच्या आसपास आज उभे आहेत. यातले तीन वगळता बाकी सगळे एकसंध, म्हणजे एकाच दगडातून काढलेले. ते तीन मात्र गोल चकत्या एकावर एक रचून केलेत, आणि तिघेही उत्तरेच्या बाजूला शेजारी शेजारी. अभ्यासक याचं कारण असं देतात की आतला गाभारा बांधायला दगड न्यायची वाट म्हणून ती जागा मोकळी ठेवली, आणि शेवटी तिथे अख्खा खांब आडवा-उभा फिरवायला जागाच उरली नाही, म्हणून तुकड्यांत केले. साइटवर काम केलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. अडीच हजार वर्षांपूर्वीसुद्धा 'क्रेन कुठून आत घ्यायची' हाच प्रश्न!

जवळून बघता येईल तिथे दगड नीट बघा. पिवळसर, भोकाभोकाचा, खडबडीत. हा दगड असा उघडा दिसावा असं बांधणाऱ्यांच्या मनातही नव्हतं. त्यावर चुन्याचा बारीक गिलावा होता, घोटून गुळगुळीत केलेला, आणि वरच्या भागावर रंग. काही खांबांवर त्या गिलाव्याचे पापुद्रे अजून चिकटलेले आहेत, पन्हळींच्या खोबणीत शोधा. माझा आयडी बघून कळलंच असेल मी त्यापुढे किती वेळ काढला ते.

आणखी एक: गाभाऱ्यात दोन मजली खांबांची रांग होती, खाली जाड आणि वर बारके. त्यातले काही परत उभे केलेत. बाहेरच्या खांबांच्या फटीतून ते दिसतात. दोन मजली अंतर्गत रचना इतक्या चांगल्या अवस्थेत फार कमी ठिकाणी उरलीय.

सांजवात
गिलावासाहेब, काय सुंदर माहिती! पण अफाया म्हणजे कोण? झ्यूस, अथेना, अपोलो ऐकलेत, ही बाई कोण?

गिलावा
मी दगडांपुरता. देवांचं कुणीतरी बघा.

सह्यभटक
@सांजवात, ही मूळची क्रीटची. तिथे तिचं नाव ब्रिटोमार्टिस. क्रीटचा राजा मिनोस तिच्या मागे लागला, तिने कड्यावरून समुद्रात उडी घेतली आणि कोळ्यांच्या जाळ्यात सापडून वाचली. पुढे कोळ्यांपैकीच एकाची नियत फिरली, तशी ती एजिनाच्या किनाऱ्यावर उतरून रानात शिरली आणि दिसेनाशी झाली. ती जिथे नाहीशी झाली तिथे हे ठाणं. पॉसेनियस या दुसऱ्या शतकातल्या प्रवाशाने मिनोसच्या पाठलागाची आणि जाळ्याची गोष्ट नोंदवली आहे, आणि पिंडार कवीने तिच्यावर एक स्तोत्र रचलं होतं हेही तोच सांगतो.

गंमत म्हणजे ती नंतरही गायबच राहिली. १९ व्या शतकात बरेच जण याला झ्यूसचं देऊळ समजायचे. १९०१ मध्ये फुर्टवेंगलर या जर्मन पुरातत्त्वज्ञाने खोदकाम केलं तेव्हा अफायाचं नाव असलेला शिलालेख मिळाला आणि देवळाला त्याची मालकीण परत मिळाली.

माजघर
पाठलाग करणाऱ्या राजापासून पळाली, वाचवणाऱ्यांपासूनही पळावं लागलं. कथा जुनी वाटतच नाही.

सह्यभटक
अवांतर: ग्रीक म्हटलं की मला कार्ल्याचं चैत्यगृह आठवतं. तिथल्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांनी (तेव्हा ग्रीकांना यवन म्हणत) दान दिल्याचे लेख आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत १७ क्रमांकाचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरवून घेतलंय. म्हणजे आपल्याकडे त्यांचे खांब होतेच!

तिरकस_तारा
आला. ग्रीसच्या धाग्यावर लोणावळा आला. आता चिक्की कोण आणतंय?

भूमितीचा_तास
@सह्यभटक, ते यवन थेट एजिनाहून आले होते असं कृपया सुचवू नका. तेव्हाचे यवन वायव्येकडे किंवा इथेच स्थायिक झालेले, बौद्ध झालेले, संस्कृत-प्राकृत नावं लावणारे लोक होते. आणि लेण्यांचे खांब भार पेलत नाहीत, कोरून काढलेत. गिलावांचा विषय वेगळा आहे.

सह्यभटक
सुचवलं नाहीच. आठवलं म्हणून लिहिलं. इतकं काय मास्तर.

उकडीचा
रात्र झाली, मी आलो. खाण्याचं.

एजिनाचे पिस्ते म्हणजे युरोपात भौगोलिक मानांकन मिळालेला माल. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर काढणी असते आणि सप्टेंबरातच गावात पिस्त्यांचा उत्सव भरतो. पायवाट, तुमच्या तारखांशी जुळतोय का बघा. बसमधून जाताना दोन्ही बाजूंना बुटकी पिस्त्याची झाडं दिसतात, घोसांना लालसर-गुलाबी सालं. धक्क्यावर टपऱ्या आहेत, तिथे खारवलेले, बिनमिठाचे, गुळचट पाकातले, पिस्त्याचं लोणी, सगळं चाखायला देतात. आधी तीन टपऱ्यांवर चाखा, मग घ्या.

शाकाहारी असाल तर 'निस्तिसिमो' शब्द पाठ करा. त्यांच्या उपासाच्या दिवसांचं जेवण, त्यात मांस, दूध, अंडं नसतं. फक्त शंख-शिंपले, माकूळ त्यांना उपासाला चालतं, तेवढं विचारून घ्या. गीगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे पावटे, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण वरून ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा, होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी लिंबू पिळून. सासूबाईंना फावा शंभर टक्के आवडणार.

माजघर
फावा मी घरी मुगाच्या डाळीचा करून पाहिला. बरा लागतो. कांदा मात्र कच्चाच हवा.

सांजवात
रेसिपी वेगळ्या धाग्यात टाका ना माजघरताई. इथे हरवेल.

इझारकाठ
सगळे देवळावर बोलताय म्हणून आता मी म्युनिकहून हात वर करते. अफायाचं देऊळ अर्धं एजिनात आहे आणि अर्धं माझ्या घरापासून ट्रॅमने वीस मिनिटांवर.

१८११ मध्ये कॉकरेल आणि फॉस्टर हे दोन इंग्रज आणि हालर फॉन हालरश्टाइन आणि लिंक हे दोन जर्मन, सगळे तरुण, मोजमापं घ्यायला तिथे गेले. खणायला लागले तर दोन्ही त्रिकोणी दर्शनी भागांतल्या संगमरवरी मूर्ती जमिनीखाली पडलेल्या सापडल्या. गावकऱ्यांच्या हातावर किरकोळ रक्कम ठेवून माल बोटीतून हलवला. १८१२ मध्ये झाकिंथोस बेटावर लिलाव झाला आणि बव्हेरियाचा युवराज लुडविग याच्या माणसाने तो घेतला. ब्रिटिश म्युझियमचा माणूस मात्र मूर्ती जिथे ठेवल्या होत्या त्या माल्टाला जाऊन बसला, आणि लिलाव भलतीकडेच झाला! मग रोममध्ये थोर्वाल्डसेन या डॅनिश शिल्पकाराने तुटके हातपाय, डोकी नवीन करून जोडली, आणि १८३० मध्ये ग्लिप्टोथेक हे म्युनिकचं शिल्पसंग्रहालय उघडलं तेव्हा त्या तिथे मांडल्या गेल्या. १९६० च्या दशकात ती जोडकामं परत काढून टाकली. त्यामुळे आज मूर्ती लोखंडी दांड्यांवर तुटलेल्या अवस्थेत उभ्या आहेत.

दोन्ही बाजूंना मधोमध अथेना, भोवती ट्रोजन युद्ध. पश्चिमेच्या कोपऱ्यात एक मरणारा योद्धा छातीतला बाण उपसतोय आणि चेहऱ्यावर मंद हसू. पूर्वेच्या कोपऱ्यात तसाच मरणारा, पण हा ढालीवर कोसळलाय, अंग पिळवटलंय, मान खाली चाललीय, हसू पुसलं गेलंय. दोघांत फार वर्षांचं अंतर नाही. ग्रीक शिल्प नेमकं कुठे वळलं ते या दोघांना एकामागून एक बघताना कळतं. आणि मागून जाऊन बघा. भिंतीला टेकून राहणाऱ्या, कधी कुणाला दिसणार नाहीत अशा पाठीसुद्धा पूर्ण कोरल्यात, स्नायूंसकट.

पायवाट
@इझारकाठ, म्हणजे एजिनाला गेलो तर मूर्ती नाहीत आणि म्युनिकला गेलो तर देऊळ नाही? हे वाचून उलट जावंसं वाटायला लागलंय.

सगळ्यांचे आभार, दर्यावर्दींच्या पोस्टचा प्रिंट काढलाय.

तिरकस_तारा
म्हणजे चोरीचा माल. स्पष्ट बोला.

इझारकाठ
@तिरकस_तारा, पार्थेनॉनच्या मूर्ती नेणाऱ्या लॉर्ड एल्गिनसारखं सरळ उभ्या इमारतीवरून उतरवून नेलेलं नाही, जमिनीतून काढलेलं आहे आणि जाहीर लिलावात विकलेलं आहे. पण विकणाऱ्यांचा त्यावर हक्क काय होता, हा प्रश्न उरतोच. तेव्हा ग्रीस ऑटोमन अमलाखाली होतं. ज्यांच्या बेटाची वस्तू, त्यांना कुणी विचारलं नाही.

दर्यावर्दी
त्यातली गंमत सांगतो. हे चौघे पिरियसहून एजिनाला निघाले त्या रात्री बंदरात एक जहाज उभं होतं, त्यात एल्गिनने पार्थेनॉनवरून काढलेला शेवटचा माल आणि प्रवासी म्हणून लॉर्ड बायरन! बायरन म्हणजे एल्गिनच्या लुटीवर कवितेतून तुटून पडलेला माणूस. यांनी जहाजाखालून जाताना त्याच्या आवडीचं गाणं गायलं, त्याने वर बोलावून वाइन पाजली. मग हे पुढे जाऊन तेच करून आले.

गिलावा
मूर्ती परत आणून देवळावर चढवा असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: आता त्या उघड्यावर ठेवता येणार नाहीत. पार्थेनॉनच्या उरलेल्या मूर्तीही म्युझियममध्येच आहेत. प्रश्न म्युनिकचं म्युझियम की एजिनाचं, एवढाच.

निळीछत्री
एवढाच? तो लहान प्रश्न आहे का? एजिनाच्या शाळेतल्या मुलांना आपल्या बेटावरच्या मूर्ती बघायला विमानाचं तिकीट काढावं लागतं. आपल्याकडच्या मूर्ती लंडनमध्ये बघताना पोटात कालवतं की नाही?

गिलावा
कालवतं. मान्य. 'एवढाच' मागे.

भूमितीचा_तास
कुणी अजून 'पवित्र त्रिकोणा'बद्दल लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

उकडीचा
तुम्ही लिहाल म्हणून थांबलो होतो, सर. पार्थेनॉन, सूनियनचं पोसायडनचं देऊळ आणि अफाया, नकाशावर जोडले की समभुज त्रिकोण होतो. आमचा गाइड छातीठोकपणे सांगत होता. प्राचीन ग्रीकांना जीपीएसशिवाय हे कसं जमलं असेल!

भूमितीचा_तास
नकाशावर मोजा. अफाया ते पार्थेनॉन साधारण ३० किमी. सूनियन ते पार्थेनॉन आणि सूनियन ते अफाया, दोन्ही साधारण ४४-४५ किमी. तेव्हा समभुज अजिबात नाही, फार तर समद्विभुज. आठवीत शिकवतात, पायवाट यांच्या लेकीला विचारा.

आता समद्विभुज तरी मुद्दाम आहे का? अफायाचं देऊळ इसपू ५०० च्या सुमाराचं. पार्थेनॉन इसपू ४४७ ते ४३२. सूनियनचं सध्याचं देऊळ ४४० च्या दशकातलं. आणि एजिना व अथेन्स हे एकमेकांचे हाडवैरी. अथेन्सचा नेता पेरिक्लिस एजिनाला 'पिरियसच्या डोळ्यातली घाण' म्हणायचा. इसपू ४३१ मध्ये अथेन्सने एजिनाच्या लोकांना बेटावरून सरळ हाकलून दिलं. असे दोघे एकत्र बसून त्रिकोण आखणार? काही जण तर पार्थेनॉन सोडून अथेन्समधलंच हेफेस्टसचं देऊळ धरतात. कोपरे बदलता येत असतील तर कोणताही त्रिकोण पवित्र होतो.

ग्रीसमध्ये जुनी देवळं इतकी आहेत की त्यातली तीन निवडून हवा तो आकार काढता येतो.

माजघर
ते सगळं ठीक, पण स्वच्छ हवेला तिथून अथेन्सची बाजू दिसते हे खरं आहे. मला दिसली. पांढरट पट्टा, डोंगराखाली.

भूमितीचा_तास
दिसतेच. तीस किलोमीटरवरची गोष्ट टेकडीवरून दिसण्यात गूढ नाही, ताई. उलट मला तेच जास्त रंजक वाटतं. एजिनाकर आपल्या देवळातून शत्रूचं शहर बघू शकत होते. पार्थेनॉन उभं राहताना या लोकांनी ते बघितलं असेल.

सांजवात
बाप रे, हे मनात आलंच नव्हतं.

निळीछत्री
डेलोसची बाजू मी सोडत नाही, पण नॅक्सॉसचं सुचवायचं राहिलं. तिथे धक्क्यापासून चालत अपोलोच्या अपूर्ण देवळाचा दरवाजा आहे, पोर्तारा. इसपू ५३० च्या सुमारास लिग्डामिस नावाच्या हुकूमशहाने काम काढलं, त्याची सत्ता गेली आणि काम थांबलं ते थांबलंच. सहा मीटर उंचीची नुसती चौकट उरलीय. पुढच्या खेपेला, पायवाट.

तिरकस_तारा
सत्ता बदलली, काम थांबलं, नुसती चौकट उरली. आमच्या वॉर्डातलं नाट्यगृह बेटावर आहे हे माहीत नव्हतं.

पायवाट
@तिरकस_तारा :साष्टांग नमस्कार:

जायचं ठरलं. सूनियन वगळलं. बायको आणि सासूबाई खूश, लेक अजून नाराज. "रंग उडालेले दगड बघायला मी बोटीत बसणार नाही" असं म्हणाली. शंका दोन: (१) एजिना गावात आणखी काय बघता येईल, वेळ उरला तर? (२) आठवीतल्या मुलीला यात ओढायची काही युक्ती?

उकडीचा
(१) धक्क्यावरून उत्तरेला दहा-पंधरा मिनिटं चाललात तर कोलोना. तिथे अपोलोच्या देवळाचा एकच खांब उरलाय, बाकी दगड लोकांनी बांधकामाला नेले. सोबत छोटं म्युझियम. बसच्या वाटेवर संत नेक्तारिओसचा मोठा मठ लागतो, निम्मी बस तिथे उतरते, गडबडून तुम्ही उतरू नका. आणि धक्क्यावर भाजी-फळांची होडी लागलेली असते, होडीतूनच विक्री. सासूबाई तिथून हलणार नाहीत.

हेही सांगा लेकीला की ग्रीसमध्ये सर्वात आधी चांदीची नाणी पाडणाऱ्यांत एजिना होतं आणि त्या नाण्यांवर कासव असायचं. आणि १८२८ मध्ये ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास आला तेव्हा स्वतंत्र होऊ घातलेल्या ग्रीसची राजधानी काही काळ हेच गाव होतं.

इझारकाठ
(२) तिच्या "रंग उडालेले दगड" या वाक्यालाच धरा. ब्रिंकमन नावाच्या जर्मन अभ्यासकाने या मूर्तींवरचे रंगाचे अंश अतिनील किरणांत तपासून रंगीत प्रतिकृती केल्या आहेत. पश्चिम बाजूचा धनुर्धारी, बहुतेक पॅरिस, त्याची तुमान आणि बाह्या लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या शंकरपाळ्यांच्या नक्षीने गच्च भरलेल्या. आधी गुगलवर तिला तो दाखवा, मग पांढरा दाखवा, आणि विचारा की खरा कोणता. माझ्या मुलाला तो रंगीत इतका विचित्र वाटला की तो अजून त्यावर भांडतो. मलाही आवडत नाही, खरं सांगायचं तर. पण पटतो.

मूर्तींवर भोकंही दिसतात. तिथे ब्राँझची शस्त्रं आणि शिशाच्या बटा बसवलेल्या होत्या. शोधायला दिली की मुलं लागतात कामाला.

गिलावा
देवळावर तिला ते तीन चकत्यांचे खांब शोधायला सांगा. उत्तर बाजू कुठली ते होकायंत्र काढून तिनेच ठरवायचं. आणि आवारातलं छोटं संग्रहालय उघडं असेल तर चुकवू नका. सध्याच्या देवळाच्या आधी त्याच जागी एक देऊळ होतं, ते इसपू ५१० च्या सुमारास जळालं. त्याचे तुकडे नव्याच्या जोत्याच्या भरावात गाडले गेले, म्हणून त्यांच्यावरचा रंग टिकला. त्या जुन्या देवळाचा वरचा भाग तिथे जोडून दाखवलाय.

पायवाट
लेकीने धनुर्धारी बघितला. "हा जिमला जाणारा जोकर आहे" अशी प्रतिक्रिया. पण त्यानंतर अर्धा तास आपणहून वाचत बसली होती. आता तिचा प्रश्न: मूर्तींत ट्रोजन युद्धच का? ट्रॉय तर तिकडे तुर्कस्तानात.

इझारकाठ
हुशार आहे पोरगी. कारण ते त्यांच्या घरचं युद्ध होतं. एजिनाचा पुराणातला राजा अयाकोस. त्याचा मुलगा तेलामोन हेराक्लिसबरोबर ट्रॉयवरच्या पहिल्या स्वारीत होता, ती पूर्वेला कोरलीय. तेलामोनचा मुलगा अयास दुसऱ्या युद्धात, होमरवाल्या, तो पश्चिमेला. अकिलिससुद्धा अयाकोसचाच नातू. थोडक्यात, गावच्या देवळावर गावच्या घराण्याचा पराक्रम. समोर अथेन्स दिसतंय म्हटल्यावर तर जास्तच ठसवून.

दर्यावर्दी
याला जोडून, तिला बोटीतच दाखवता येईल असं. पिरियस सोडल्यावर जाताना उजव्या हाताला जे बेट दिसतं ते सालामिना, तेलामोन एजिना सोडून तिथे जाऊन राहिला. त्याच बेटाच्या पलीकडच्या चिंचोळ्या खाडीत इसपू ४८० मध्ये इराण्यांचं आरमार बुडालं, आणि त्या लढाईत शौर्याचा पहिला मान अथेन्सला नाही, एजिनाच्या जहाजांना मिळाला. देवळाचं काम तेव्हा झालेलं तरी होतं किंवा संपत तरी आलं होतं. डेकवर उजव्या बाजूची जागा धरा. सकाळच्या बोटीला तिकडे ऊनही येत नाही.